सीएची परीक्षा तोंडावर आणि पोटात गोळा? शेवटच्या रिव्हिजनमध्ये डोकं शांत ठेवायचं कसं, घरच्यांनी काय करायचं. समजून घ्या सोप्या भाषेत

आपल्या तालुक्यातल्या गावागावांत आता सीए करणारी पोरं-पोरी दिसू लागली आहेत. कुणी पुण्यात आर्टिकलशिप करून अभ्यासाच्या सुट्टीवर घरी आलंय, कुणी जिल्ह्याच्या ठिकाणी खोली घेऊन राहतंय, तर कुणी शेतातल्या घरात मोबाईलवर लेक्चर बघून इंटरची तयारी करतंय. वर्षभर अभ्यास होतो. पण खरी कसोटी लागते ती शेवटच्या महिन्यात. झोप उडते, जेवण जात नाही, काल पाठ केलेलं आज आठवत नाही. मग वाटायला लागतं, 'आपल्याला काहीच येत नाही, हा अटेम्प्ट सोडूनच द्यावा.'

हे असं का होतं, त्यावर काय करता येतं आणि घरच्यांनी कसं वागावं, हे आज सविस्तर पाहू.

आधी घरच्यांसाठी : ही परीक्षा असते तरी कशी?

चार्टर्ड अकाउंटंट घडवणारी संस्था म्हणजे आयसीएआय. १ जुलै १९४९ रोजी ती स्थापन झाली, म्हणून १ जुलैला सीए दिन असतो. परीक्षेचे तीन टप्पे असतात : फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल. इंटर आणि फायनलला प्रत्येकी ६ पेपर असतात. त्यांचे तीन-तीनचे दोन ग्रुप केलेले आहेत. मधे दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसात प्रत्यक्ष काम शिकणं.

इंटर आणि फायनलची परीक्षा आता वर्षातून तीन वेळा होते : जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये. गावाकडच्या पोरांसाठी हे तिन्ही महिने अवघड. जानेवारीत जत्रा आणि लग्नं, मे महिन्यात ऊन, लाईटचा लपंडाव आणि पुन्हा लग्नं, सप्टेंबरच्या आसपास गणपती आणि मंडळाचा स्पीकर.

पास व्हायचा नियम असा आहे. प्रत्येक पेपरला १०० पैकी किमान ४० आणि ग्रुपच्या ३०० पैकी किमान १५०. दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. समजा एका मुलाला ४५, ४८ आणि ४९ मिळाले. तिन्ही पेपरला ४० च्या वर आहे, पण बेरीज होते १४२. तो ग्रुप नापास. दुसऱ्या मुलीला ४२, ५० आणि ६० मिळाले. बेरीज १५२. ती पास. म्हणजे 'नापास झाला' याचा अर्थ 'काही येत नव्हतं' असा होत नाही. कधी कधी आठ-दहा मार्कांत गाडी अडकते.

अजून एक गोष्ट. ही परीक्षा भरतीसारखी नाही. जागा ठरलेल्या नसतात. जेवढे मार्क गाठतील तेवढे सगळे पास होतात. शेजारच्या पोराला जास्त आलं म्हणून आपल्या पोरीचं काही कमी होत नाही. त्यामुळे तुलना करून काहीच मिळत नाही, उलट पोरं आतून खचतात.

ताण येतो म्हणजे नेमकं काय होतं?

शेतात अचानक पायाशी साप दिसला तर काय होतं? छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास वाढतो. शरीर पळायला तयार होतं. मेंदूला धोका दिसला की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही रसायनं रक्तात येतात, त्यामुळे हे सगळं घडतं. गंमत अशी की मेंदूला साप आणि ॲडमिट कार्ड यातला फरक फारसा कळत नाही. परीक्षेची तारीख जवळ आली की तो तीच घंटा वाजवतो.

थोडा ताण कामाचा असतो. त्याच्यामुळेच माणूस पहाटे उठून बसतो. पण तो हद्दीबाहेर गेला की उलटं होतं. साप दिसल्यावर पळायचं असतं, विचार करत बसायचं नसतं. त्यामुळे त्या अवस्थेत शांतपणे आठवणं, हिशोब जुळवणं, ताळेबंद मांडणं ही कामं मंदावतात. पेपर हातात आल्यावर एकदम सगळं कोरं होतं ते यामुळे. अभ्यास पुसला गेलेला नसतो. तो आतच असतो, फक्त त्या घटकेला दार उघडत नाही. ही गोष्ट माहीत असली तरी अर्धी भीती कमी होते.

शेवटच्या महिन्यात अभ्यासाची मांडणी बदला

ताणाचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे 'किती राहिलंय' याचा नीट हिशोब नसणं. अंदाज नेहमी भीतीदायकच निघतो. म्हणून एक कागद घ्या आणि सगळे धडे लिहून काढा.

कॉस्टिंगमध्ये तुम्ही एबीसी ॲनॅलिसिस शिकता. गोदामातल्या महागड्या मालावर कडक नजर आणि किरकोळ मालावर कमी. तेच स्वतःच्या अभ्यासाला लावा. 'ए' म्हणजे जास्त मार्कांचे, दरवेळी प्रश्न येणारे धडे. 'बी' म्हणजे मधले. 'सी' म्हणजे वेळ खाणारे आणि मार्क कमी देणारे. 'ए' तीनदा, 'बी' दोनदा, 'सी' एकदा नजरेखालून. शेवटच्या महिन्यात नवीन नोट्स, नवीन सर, नवीन पुस्तक काही आणू नका. आहे तेच पक्कं करा.

आता एक हिशोब बघा. पेपर साधारणपणे एक दिवसाआड असतात. आजचा पेपर संध्याकाळी ५ ला सुटला आणि पुढचा परवा दुपारी २ ला असला, तर मधे ४५ तास मिळतात. दोन रात्रींची १४ तास झोप वजा करा. राहिले ३१. जेवण, आंघोळ, येणं-जाणं, थोडं पाय मोकळे करणं यात १० तास सहज जातात. हातात उरतात साधारण २० तास. म्हणजे प्रत्येक विषयाच्या तुमच्या शेवटच्या नोट्स २० तासांत पूर्ण वाचून होतील एवढ्याच असल्या पाहिजेत. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात खरं काम हेच असतं. ज्याच्याकडे ४० तासांचं वाचन उरलंय तो त्या दोन दिवसांत घाबरणारच, मग तो कितीही हुशार असो.

दुसरी गोष्ट, नुसतं वाचू नका. पुस्तक उघडं ठेवून वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतंय असा भास होतो. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवून लिहा, मग ताडून बघा. आठवण्याचा प्रयत्न केला की ती गोष्ट जास्त दिवस टिकते, हे मानसशास्त्राच्या अभ्यासांत वारंवार दिसलेलं आहे. सुरुवातीला दहापैकी चारच मुद्दे आठवतील, वाईट वाटेल. वाटू द्या. घरात चार आठवलेले बरे, हॉलमध्ये तीच वेळ यायला नको.

आयसीएआय स्वतः अभ्यास साहित्य, आरटीपी, मॉक टेस्ट पेपर आणि मागच्या परीक्षांची सुचवलेली उत्तरं संकेतस्थळावर फुकट देते. कोणत्या तारखेपर्यंतचे कायद्याचे बदल तुमच्या अटेम्प्टला लागू आहेत, हेही तिथेच बघा. जीएसटी आणि इन्कम टॅक्समध्ये या एका गोष्टीवरून पोरांची रात्रीची झोप उडते. एकदा खात्री करून घ्या आणि विषय संपवा.

दुपारी २ ते ५ ची सवय लावा

परीक्षा दुपारी असते. गावात दुपारी जेवण झालं की डोळे जड होतात. रात्री २ पर्यंत अभ्यास करून सकाळी १० ला उठायची सवय असेल, तर पेपरच्या वेळी शरीर साथ देत नाही. म्हणून निदान शेवटचे १५ दिवस घरी दुपारी २ ते ५ या वेळेतच पेपर सोडवा. घड्याळ लावून, पेनाने, सलग तीन तास. फायनलच्या सहाव्या पेपरला पुस्तकं न्यायला परवानगी असते आणि वेळ ४ तास असतो. पण पुस्तक सोबत आहे म्हणून गाफील राहू नका. कुठलं पान कुठे आहे हे माहीत नसेल तर पुस्तकच वेळ खातं.

१०० मार्कांना १८० मिनिटं, म्हणजे एका मार्काला पावणेदोन मिनिटांपेक्षा जरा जास्त. १४ मार्कांच्या प्रश्नाला २५ मिनिटं झाली की पेन उचलायचं आणि पुढे जायचं. ही सवय घरी लागली तर हॉलमध्ये हात थरथरत नाही.

आपल्याकडच्या मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना अजून एक ताण असतो, तो इंग्रजीचा. ही परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत लिहिता येते, मराठीत नाही. संकल्पना मराठीत समजून घ्या, घरी कुणाला तरी मराठीत समजावून सांगा. आईला जीएसटी समजला तर तुम्हाला नक्की समजलाय. पण उत्तर मात्र रोज एक तरी हाताने इंग्रजीतच लिहा. वाक्यं छोटी ठेवा. इथे साहित्य लिहायचं नाही, तरतूद, विश्लेषण आणि निष्कर्ष एवढंच लिहायचंय.

झोप, जेवण आणि चहा

दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोप लागते. रात्रभर जागून वाचणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. सहा-सात तास झोप ठेवाच.

चहा-कॉफी बंद करायची गरज नाही, पण संध्याकाळनंतर टाळा. त्यातलं कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री ९ ला घेतलेला कडक चहा मध्यरात्रीनंतरही जागा ठेवतो. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून जागं राहायच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

पेपरच्या दिवशी भाजी-भाकरी, वरण-भात असं रोजचं आणि हलकं जेवण घ्या. पोरगं परीक्षेला चाललंय म्हणून पुरणपोळीचा बेत नको. तो निकालाच्या दिवशी करा. सोबत पाण्याची बाटली ठेवा, मे महिन्यात तर नक्कीच.

आणि रोज अर्धा तास चाला. सकाळी बांधावरून एक फेरी मारली तरी पुरे. तेवढ्या वेळात मोबाईल घरी ठेवा.

मोबाईलचं काय?

अभ्यास मोबाईलवर आणि ताणही मोबाईलवर, अशी गत आहे. टेलिग्राम, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी लिहितं 'माझी तिसरी रिव्हिजन झाली', की आपली पहिली चालू असलेल्याच्या पोटात गोळा येतो. कुणी 'हेच प्रश्न येणार' म्हणून पीडीएफ टाकतं. कुणी 'परीक्षा पुढे गेली' म्हणून नोटीस फिरवतं.

परीक्षा खरंच पुढे जाऊ शकते. मे २०२४ ची परीक्षा लोकसभा निवडणुकीमुळे नव्या तारखांना घ्यावी लागली. मे २०२५ मध्ये सीमेवरच्या तणावामुळे उरलेले पेपर पुढे ढकलले गेले. पण दोन्ही वेळा त्याची घोषणा आयसीएआयने स्वतः केली होती. त्यामुळे नियम एकच : संस्थेच्या संकेतस्थळावर आहे तेच खरं, बाकी सगळं अफवा. शेवटच्या १५ दिवसांत ग्रुप म्यूट करा आणि दिवसातून एकदाच संकेतस्थळ बघा.

पेपरच्या दिवशी डोकं कोरं झालं तर

केंद्र लांबच्या शहरात असेल तर पहाटेच्या एसटीवर अवलंबून राहू नका. आदल्या दिवशीच मुक्काम करा. नातेवाइकांकडे राहणार असाल तर तिथे शांत कोपरा मिळेल का, हे आधी विचारा. मिळणार नसेल तर साधी खोली बरी. केंद्र एकदा डोळ्यांनी बघून या. ॲडमिट कार्डची छापील प्रत, ओळखपत्र, पेन, साधं कॅल्क्युलेटर रात्रीच पिशवीत भरून ठेवा.

तीन तासांच्या पेपरला १:४५ ते २ या वेळेत प्रश्नपत्रिका वाचायला मिळते. ही १५ मिनिटं सोन्याची आहेत. येणाऱ्या प्रश्नांवर मनात खूण करा आणि सुरुवात त्यांच्यापासून करा. इंटर आणि फायनलच्या पेपरात ३० मार्कांचे एमसीक्यू असतात, त्यांना चुकीच्या उत्तराचे मार्क कापले जात नाहीत. त्यामुळे एकही रिकामा सोडू नका.

एकदम काहीच आठवेना झालं तर पेन खाली ठेवा. पाय जमिनीवर टेकवा. चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत हळू सोडा. असं आठ-दहा वेळा करा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून सोडणं लांबवलं की शरीराला 'धोका टळला' असा निरोप जातो. दीड-दोन मिनिटंच जातात. नंतर सगळ्यात सोपा प्रश्न घ्या. पहिल्या चार ओळी लिहून झाल्या की गाडी रुळावर येते.

पेपर वाईट गेला? घरी निघून येऊ नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. दरवेळी काही पोरं एक पेपर अवघड गेला म्हणून पुढचे पेपर देतच नाहीत. इथे मोठं नुकसान होतं.

नियम असा आहे : ग्रुप नापास झाला, पण एखाद्या पेपरला ६० किंवा जास्त मार्क पडले, तर त्या पेपरची सूट मिळते. तिलाच पोरं एक्झम्प्शन म्हणतात. पुढच्या तीन परीक्षांपर्यंत तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही. पण त्यासाठी त्या ग्रुपच्या सगळ्या पेपरना बसलेलं असावं लागतं. समजा एका मुलीला पहिल्या पेपरात ६२ पडणार आहेत. दुसरा वाईट गेला म्हणून ती रडत घरी आली आणि तिसरा दिलाच नाही. तिचे ते ६२ वाया गेले. तिसरा दिला असता तर पुढच्या वेळी दोनच पेपर द्यावे लागले असते.

दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांना अजून एक आधार असतो. प्रत्येक पेपरला ४० आणि सहा पेपर मिळून ६०० पैकी ३०० झाले, तर एका ग्रुपची कमी दुसऱ्या ग्रुपच्या जास्तीच्या मार्कांनी भरून निघते.

शिवाय ज्या पेपरला आपण रडतो तो पुष्कळदा सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. म्हणून पेपर सुटल्यावर गेटवर उभं राहून उत्तरं जुळवू नका. सरळ खोलीवर जा, खा, तासभर पडा आणि पुढचा विषय उघडा.

घरच्यांनी हे करा, हे टाळा

आई-वडिलांचा पैसा लागलेला असतो. कुणी कर्ज काढलेलं असतं, कुणी जनावर विकलेलं असतं. पोरांना हे माहीत असतं, रोज आठवण करून द्यावी लागत नाही. 'आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं' हे वाक्य शेवटच्या महिन्यात नकोच.

'अभ्यास झाला का?' असं दिवसातून चारदा विचारू नका. त्याऐवजी 'जेवलास का?' एवढं विचारा. पाहुणे आले आणि 'अजून किती वर्षं लागणार?' म्हणाले, तर उत्तर तुम्ही द्या, पोराला पुढे करू नका. लग्नाला, जागरणाला एका महिन्यासाठी त्याला सोडून जा. शेताची कामं तेवढे दिवस दुसऱ्यावर टाका. लाईट जात असेल तर चार्जिंगचा दिवा, भरलेली पॉवर बँक आणि छापलेल्या नोट्स यांची सोय आधीच करा. मुलगी असेल तर स्वयंपाक आणि धुणी-भांडी तिच्या वाट्याला येतातच. तो महिना तिची त्यातून सुटका करा. मुलाला जो वेळ मिळतो तो तिलाही मिळायला हवा.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

परीक्षेची भीती सगळ्यांनाच असते. पण दोन आठवडे झोप नीट लागत नसेल, जेवण तुटलं असेल, पोरगं कुणाशी बोलत नसेल, वारंवार रडत असेल, छाती धडधडून हातपाय गार पडत असतील, तर तो साधा ताण राहिलेला नाही. 'मी नसलेलंच बरं', 'सगळ्यांना माझा त्रास आहे' असं काही बोललं किंवा लिहिलं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, जवळ बसा, ऐकून घ्या आणि त्याच दिवशी मदत घ्या.

केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र केव्हाही मोफत फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं. विद्यार्थी स्वतः फोन करू शकतो, आई-वडीलही करू शकतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटा किंवा जिल्हा रुग्णालयात जा. डॉक्टरकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. ताप आल्यावर जातो तसंच हे आहे.

निकाल साधारण दोनेक महिन्यांनी लागतो. पास झालं तर गावभर पेढे वाटालच. नाही झालं तरी चार महिन्यांवर पुढची परीक्षा असते आणि आज केलेला अभ्यास तेव्हाही कामाला येतो. अटेम्प्ट पुन्हा मिळतो, आपलं पोर पुन्हा मिळत नाही. ही बातमी वाचताना तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी सीएचा अभ्यास करत असेल, तर आज त्याला मार्कांविषयी काही विचारू नका. चहाचा कप नेऊन द्या आणि दोन मिनिटं शेजारी बसा.